हूपियाचे गोल आले, त्याची जागा राहिली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशातून येऊन एखाद्या क्लबच्या प्रेक्षकांचे लाडके झालेल्या बचावपटूंवर आपल्या क्रीडा पानाने लेख छापला आणि त्यात इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबच्या सामी हूपियाला ठळक स्थान दिले, हे उत्तम झाले. मराठी वृत्तपत्रांत बचावपटूच्या वाट्याला एवढ्या ओळी सहसा येत नाहीत. पण लेखात त्याची सहा फूट चार इंच उंची आली, 464 सामन्यांतले 35 गोल आले, 2005 चा इस्तंबूलमधला चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा) चषक आला आणि शेवटी ‘हेडरचा बादशहा’ ही पदवीही आली. ज्या गुणावर हा माणूस पाय जड असताना दहा हंगाम टिकला, तो गुण, म्हणजे योग्य वेळी योग्य जागी उभे राहणे, मात्र लेखात कुठेच नाही. सांगली-मिरजेकडे शाळांच्या संघात स्टॉपर (बचावफळीच्या मधोमध खेळणारा) निवडायची एकच रीत आहे. वर्गातला सगळ्यांत उंच पोरगा मागे उभा करायचा आणि ‘आला की उडव’ एवढे सांगायचे. आपला लेख वाचून ही रीत आणखी पक्की होईल, म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी थोडा पूर्वेतिहास, कारण लेखात तो दोन वाक्यांत गुंडाळला आहे. हूपियाचा जन्म 1973 चा, फिनलंडमधल्या पोर्व्हो गावचा. मायपा या फिनिश क्लबकडून तो 1992 आणि 1995 मध्ये तिथला राष्ट्रीय चषक जिंकला. 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या विलेम टू या क्लबात गेला आणि तिथे चार हंगाम खेळला. 1998-99 मध्ये तो मध्यम कुवतीचा क्लब डच लीगमध्ये दुसरा आला आणि चॅम्पियन्स लीगला पात्र ठरला. मे 1999 मध्ये लिव्हरपूलने त्याला 26 लाख पौंडांना घेतले. त्या काळच्या इंग्लंडमध्येही ही रक्कम किरकोळच होती. नाव कुणाच्या कानावरून गेलेले नव्हते आणि वय पंचविशी ओलांडलेले.

लिव्हरपूल 1998-99 मध्ये लीगमध्ये सातवे होते आणि त्यांनी 49 गोल खाल्ले होते. पुढच्या हंगामात हा आकडा 30 वर आला, तो त्या वर्षीचा लीगमधला सर्वांत कमी. आपल्या लेखाने याचे सगळे श्रेय हूपियाच्या पदरात टाकले आहे, ते बरोबर नाही. त्याच उन्हाळ्यात ब्लॅकबर्नहून स्विस स्टॉपर स्टेफान हेन्शो आला, बचावफळीच्या पुढ्यात उभा राहायला जर्मनीचा डिटमार हामान आला आणि गोलात सँडर वेस्टरवेल्ड आला. प्रशिक्षक जेरार ऊलिए यांनी संघाचा मागचा कणाच बदलला. एका माणसाने 19 गोल वाचवले नाहीत. चौघांनी मिळून गोलाकडे येणारी वाट अरुंद केली.

ती कशी केली, हे समजून घेण्यासारखे आहे. ऊलिए यांच्या काळात लिव्हरपूलची बचावरेषा बहुतेक वेळ मोठ्या डीच्या (गोलासमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) जवळपास राहायची. दोन्ही बाजूंचे बॅक फार पुढे धावायचे नाहीत, आत सरकून स्टॉपरांना खेटून राहायचे. हामान त्यांच्या पुढे आठ-दहा मीटरवर. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पाठीमागे धावायला मोकळे मैदान मिळत नसे आणि मधून चेंडू सरकवायला फटही मिळत नसे. उरायचे काय, तर कडेवरून डीत उचललेला चेंडू. आणि तिथे हूपिया उभा. तेव्हा त्याच्या हेडरची ख्याती ही या मांडणीतून आली. प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम त्याच्या डोक्यावर मारायला भाग पाडले जात होते!

दोघा स्टॉपरांत कामाची वाटणी होती. लांबून आलेल्या पहिल्या चेंडूवर हूपिया पुढे जायचा, हेन्शो तीन-चार पावले मागे तिरका सरकून निसटलेल्या चेंडूची वाट पाहायचा. चेंडू जमिनीवरून आला की वाटणी उलटायची. हेन्शो अंगाला भिडायचा आणि हूपिया मागे सांभाळायचा. दोघे एकाच वेळी एकाच चेंडूवर गेलेत असे क्वचितच दिसे. आपल्याकडच्या शालेय सामन्यांत सर्वांत जास्त गोल याच चुकीतून होतात. दोन्ही स्टॉपर उडी मारतात, चेंडू दोघांच्या मागे पडतो आणि आघाडीपटू एकटा गोलरक्षकासमोर. यावर उपाय ताकदीचा नाही, तोंडाचा आहे. चेंडू हवेत असतानाच एकाने ‘माझा’ म्हणायचे, दुसऱ्याने लगेच मागे सरकायचे. सरावात मुले गप्प राहिली तर प्रशिक्षकाने खेळ तिथेच थांबवावा.

2000-01 च्या हंगामात लिव्हरपूल 63 सामने खेळले आणि इंग्लंडमधले लीग कप आणि एफए कप, आणि युरोपातला यूएफा कप असे तिन्ही चषक घेऊन आले. लेखात यूएफा कपचा स्पेनच्या अलाव्हेसविरुद्धचा 5-4 चा अंतिम सामना रंगवला आहे. मजेदार सामना होता यात शंका नाही, पण बचावाचा नमुना म्हणून तो दाखवणे म्हणजे गंमतच. नमुना पाहायचा तर त्याआधीची बार्सिलोनाविरुद्धची उपांत्य फेरी पाहावी. कॅम्प नोऊवर 0-0. समोर रिवाल्डो आणि क्लायव्हर्ट. त्या रात्री लिव्हरपूलवर ‘कंटाळवाणा खेळ’ म्हणून भरपूर टीका झाली. परतीच्या सामन्यात एका पेनल्टीवर 1-0, झाले काम. आणि एफए कपच्या अंतिम सामन्यात आर्सेनलचे फटके हूपियाने एकापेक्षा जास्त वेळा गोलरेषेवरून काढले. गोलरक्षक पुढे निघाला, हे दिसताच तो आपला माणूस सोडून थेट गोलरेषेकडे पळत होता. गोलरक्षक जागेवरून हलला की एका स्टॉपरने गोलरेषा धरायची, हे मुलांना एका दिवसात शिकवता येते. आमच्याकडे शिकवत नाहीत.

आता त्याच्या वेगाचे. हूपिया संथ होता, याबद्दल दुमत नाही. तरी त्याच्या खेळात जमिनीवर लोळून मारलेले टॅकल कमी दिसत. ज्याला वेग नाही त्याने लोळून टॅकल मारला आणि तो हुकला, तर तो उठेपर्यंत खेळ संपलेला असतो. म्हणून तो पायावर उभा राहायचा. त्याचे खरे काम चेंडू यायच्या आधी चालायचे, आणि ते टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो.

नियम साधा आहे. समोरच्या संघात ज्याच्या पायात चेंडू आहे, त्याला मान वर करून पाहायला वेळ आहे का? वेळ असेल आणि आपला कुणी त्याच्या अंगावर नसेल, तर तो बचावाच्या मागे चेंडू टाकणार हे गृहीत धरून त्याने पाय उचलण्याआधीच बचावरेषेने चार-पाच मीटर मागे सरकायचे. त्याची पाठ आपल्या गोलाकडे असेल, मान खाली असेल, किंवा त्याने चेंडू मागे दिला असेल, तर तेवढेच पुढे यायचे. मागे सरकताना छाती पूर्ण समोर ठेवायची नाही. अंग अर्धे वळलेले, एक पाय मागे, म्हणजे वळण्यात जाणारी दोन पावले वाचतात. संथ स्टॉपरला हीच दोन पावले पुरतात. शिवाय दर काही सेकंदांनी मान मागे वळवून आपल्या पाठीशी कोण आहे हे पाहायचे. हूपियाची मान सतत फिरत असे. सामन्याचे जुने चित्रण पाहणाऱ्याने दहा मिनिटे चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे पाहावे, बाकी सांगायची गरज पडणार नाही.

हे गणित चुकले की काय होते, तेही त्याच्याच कारकिर्दीत आहे. 5 एप्रिल 2003, मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड मैदान. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचा आघाडीपटू रूड व्हॅन निस्टलरॉय हूपियाच्या मागून निसटला, हूपियाने त्याला ओढले, पेनल्टी आणि लाल कार्ड. लिव्हरपूल 4-0 ने हरले. आघाडीपटू पुढे गेल्यावर धावून गाठता येत नाही, मग हात पुढे येतो. वेग नसलेल्या बचावपटूचा हा नेहमीचा शेवट असतो, आणि त्याचे मूळ आधीच्या तीन सेकंदांत, चुकीच्या जागी उभे राहण्यात असते. तिथून साधारण वर्षभराने, 9 एप्रिल 2004 ला, हायबरीवर आर्सेनलविरुद्ध पाचव्याच मिनिटाला हूपियाने गोल केला आणि तरी लिव्हरपूल 4-2 ने हरले. थिएरी ऑन्रीने तीन मारले. आपल्या लेखाच्या हिशेबाने त्या दिवशी हूपियाच्या खात्यात एक गोल जमा आहे, म्हणजे कामगिरी चांगली! बचावपटूला गोलांवर तोलले की असे होते.

कप्तानपदाबद्दल एकच दुरुस्ती. ऑक्टोबर 2003 मध्ये ते हूपियाकडून स्टीव्हन जेरार्डकडे गेले. लेखात ते बेनिटेझ यांनी काढून घेतल्याचा सूर आहे. राफाएल बेनिटेझ प्रशिक्षक म्हणून 2004 च्या उन्हाळ्यात आले. निर्णय ऊलिए यांचा.

बेनिटेझ यांनी मात्र दोन मोठे बदल केले, आणि दोन्ही हूपियाच्या पथ्यावर पडतील असे कुणाला वाटले नव्हते. पहिला म्हणजे बॅक म्हणून खेळणाऱ्या जेमी कॅरागरला मधे आणले. कॅरागर उजवीकडचा स्टॉपर, हूपिया मूळ उजव्या पायाचा असूनही डावीकडचा. कॅरागर आडवा धावून भोके बुजवायचा, हूपिया मधली जागा धरून राहायचा. दुसरा बदल कॉर्नरच्या वेळचा. माणूस धरण्याऐवजी जागा धरायची. छोट्या डीच्या रेषेवर, म्हणजे गोलरेषेपासून साडेपाच मीटरवर, खेळाडूंची ओळ आणि मधोमध हूपिया. इंग्लंडमधल्या समालोचकांनी या पद्धतीला पुष्कळ नावे ठेवली. तिच्यात खोट आहेच. जागा धरणारा उभ्याने उडी मारतो आणि हल्ला करणारा चार पावले धावत येऊन, त्यामुळे धावणाऱ्याची उडी उंच जाते. म्हणून जागा धरणाऱ्याने खिळून राहायचे नसते. चेंडू सुटल्याबरोबर दोन पावले पुढे येऊन एका पायावर उसळायचे असते. शिवाय दोन-तीन जण ओळीच्या पुढे ठेवून धावत येणाऱ्यांची वाट अडवायची. ही पुढची माणसे ठेवायला विसरले की पद्धत कोसळते आणि दोष मात्र ओळीला लागतो.

याच हंगामात, 5 एप्रिल 2005 ला, लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर चॅम्पियन्स लीगमध्ये इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध दहाव्या मिनिटाला त्याने तो प्रसिद्ध गोल केला. जेरार्डचा कॉर्नर, जवळच्या खांबापाशी लुईस गार्सियाचा हलका स्पर्श आणि मागच्या खांबाकडे हूपियाने हवेतूनच डाव्या पायाने मारलेला फटका. आपल्या लेखात त्याला ‘हेडर’ म्हटले आहे. सामना 2-1 असा सुटला. पण त्या लढतीतले त्याचे मोठे काम तुरीनच्या परतीच्या सामन्यातले 0-0 आहे. मग चेल्सीविरुद्ध दोन सामन्यांत मिळून एकही गोल खाल्ला नाही. इस्तंबूलमध्ये एसी मिलानविरुद्धच्या अंतिम सामन्यात पूर्वार्धात 0-3, हे सगळ्यांना पाठ आहे. मध्यंतरात बॅक स्टीव्ह फिननला काढून हामानला आणले आणि मागे तिघेच ठेवले. कॅरागर, मधे हूपिया आणि जिमी ट्राओरे. त्या पंधरा मिनिटांच्या विश्रांतीत नवी मांडणी समजून घेऊन पुढची 75 मिनिटे, जादा वेळ धरून, तिघांनी मिलानला पुन्हा गोल करू दिला नाही. आपल्या लेखातले ‘चमत्कार’ हे विशेषण आम्हाला तिथे अपुरे वाटते. पुढच्या वर्षी एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट हॅमविरुद्ध शूटआउटमध्ये हूपियाची पेनल्टी गोलरक्षक शाका हिस्लॉपने अडवली, तेही नोंदवायला हवे होते. लिव्हरपूल जिंकले, म्हणून ती विस्मरणात गेली.

प्रेक्षक त्याच्यावर जीव टाकू लागले ते खरे तर या सगळ्यानंतर. डॅनियल अॅगर हा नवा स्टॉपर आला आणि हूपियाची जागा गेली. 2007 च्या चॅम्पियन्स लीगच्या अथेन्समधल्या अंतिम सामन्यात तो बाकावर बसून राहिला. सप्टेंबर 2007 मध्ये अॅगरचे पायाचे हाड मोडले आणि 34 व्या वर्षी हूपिया पुन्हा संघात आला. एप्रिल 2008 मध्ये आर्सेनलविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत कॉर्नरवर त्याने बरोबरीचा गोल केला, आणि तो मात्र हेडर होता. 2008 च्या सप्टेंबरमध्ये चॅम्पियन्स लीगच्या यादीतूनच त्याचे नाव वगळले. मार्च 2009 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सामन्याआधीच्या सरावात उजवा बॅक अल्वारो आर्बेलोआ जखमी झाला. कॅरागर उजव्या बॅकच्या जागी सरकला आणि 35 वर्षांचा हूपिया आयत्या वेळी संघात आला. लिव्हरपूल 4-1 ने जिंकले. मे 2009 मधला टॉटनहॅमविरुद्धचा त्याचा शेवटचा सामना आपण छान लिहिला आहे, त्यात काही घालायचे नाही. पुढे हूपिया जर्मनीतल्या लेव्हरकुसेनला गेला, तेव्हा त्या संघाने हंगामाचे पहिले 24 लीग सामने एकही न हरता काढले, हे मात्र लेखात यायला हवे होते. छत्तिशीत बुंडेसलीगामध्ये, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, खेळणारा संथ स्टॉपर ही साधी गोष्ट नाही.

आता आपल्या मैदानांकडे. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते. मुरूम टाकलेल्या मैदानावर तर गोलरक्षकाची लांब किक पहिल्या टप्प्याला डोक्याच्या वर उसळते. अशा ठिकाणी उंच पोराला वाटते की टप्पा पडू द्यावा, मग बघू. टप्पा पडला की चेंडू त्याच्याही डोक्यावरून जातो आणि मागे कुणी नसते. म्हणून इथे पहिला नियम असा की लांब चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही, पुढे येऊन हवेतच घ्यायचा. पावसाळ्यात नेमके उलटे. चिखलात चेंडू मरतो, टप्पाच घेत नाही, आणि आधीच मागे सरकलेला स्टॉपर लांब राहतो. तेव्हा रेषा दोन-तीन मीटर पुढेच ठेवावी लागते. सामन्याआधी मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-पाच चेंडू उंच मारून टप्पा पाहून घ्यावा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

बचावफळीच्या सरावाला जिल्ह्यात कुणी वेळ देत नाही. सगळा वेळ शूटिंगवर जातो, कारण मुलांना तेच आवडते. आमची सूचना आहे ती अशी. तीस मीटर रुंद, पंचवीस मीटर लांब जागा आखावी. चार बचावपटू, त्यांच्यासमोर पाच जण चेंडू फिरवणारे, पण सुरुवातीला त्यांना गोल मारायची मुभा नाही. ते फक्त चेंडू एकमेकांना देतात आणि चौघांनी दर पासला जागा बदलायची. चेंडू जिकडे, तिकडे सगळे सरकायचे. चेंडूजवळचा पुढे जायचा, शेजारचा त्याच्या मागे तिरका. दोघांतले अंतर आठ-दहा मीटरपेक्षा वाढू द्यायचे नाही. मुलांना अंतराचा अंदाज येत नसेल तर सुरुवातीला चौघांच्या कमरेला एक सैल दोरी बांधावी आणि चालण्याच्या वेगाने सराव घ्यावा. दोरी ताणली की चूक कुणाची ते मुलांनाच कळते. पळायला लागल्यावर दोरी काढायची, नाहीतर एक पडला की चौघे पडतील. आठ मिनिटांचे तीन डाव, मधे दोन मिनिटे विश्रांती. दुसऱ्या आठवड्यापासून गोल ठेवावा आणि हल्ला खरा करावा.

हेडरच्या सरावाबाबत थोडे जपून. इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेडर शिकवू नये अशी सूचना आहे, आणि 2021 पासून व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात जोरदार हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त नकोत असे सांगितले आहे. आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरांना हवा गच्च भरलेल्या, पावसाने जड झालेल्या चेंडूवर ओळीने पन्नास हेडर मारायला लावतात. हे ताबडतोब थांबले पाहिजे. लहान मुलांना फुगा किंवा हलका प्लॅस्टिकचा चेंडू पुरतो. त्यावर एकाच गोष्टीचा सराव करायचा, डोळे उघडे ठेवून कपाळाच्या सपाट भागावर चेंडू घेणे. टाळूवर घेतला की दुखते आणि पोरगा कायमचा घाबरतो. मोठ्या मुलांना हाताने फेकलेले आठ-दहा चेंडू बास. बचावाच्या हेडरला चेंडूच्या खालच्या अर्ध्या भागावर कपाळ लागले पाहिजे, म्हणजे तो उंच आणि लांब जातो, आणि दिशा कडेच्या रेषेकडे. डीच्या समोर मधोमध काढलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या पायात पडतो. उडी लवकर मारणे हा सर्वांत मोठा दोष. खाली येताना चेंडूला डोके लागले तर त्यात जोर राहत नाही. हात तोल सांभाळण्यापुरते उचलावेत. कोपर बाहेर निघाले की पंच फाउल देणार, आणि तो बरोबर असतो.

जवळचे उदाहरण हवे असेल तर मुंबई सिटीकडून खेळलेला सेनेगलचा मूर्तदा फॉल आहे. 28 फेब्रुवारी 2021 ला एटीके मोहन बागानविरुद्ध सातव्या मिनिटाला त्याने अहमद जाहूच्या फ्री किकवर हेडरने गोल केला आणि मुंबईने लीगची शील्ड जिंकली. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) सर्वाधिक गोल करणारा बचावपटू म्हणून त्याचे नाव सगळीकडे छापले गेले. बाकी 83 मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू न देणाऱ्या बचावफळीतल्या उरलेल्या तिघांची नावे आज किती वाचकांना सांगता येतील? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघांचे सामने होतात तेव्हाही दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गोल करणारे आणि फार तर गोलरक्षक येतात.

तेव्हा आपल्या जिल्हा पानासाठी एक विनंती. शालेय आणि तालुका सामन्यांच्या बातमीत गोल करणाऱ्यांच्या नावांखाली दोन्ही संघांच्या बचावफळीतील चौघांची नावे एका ओळीत द्यावीत, आणि गोल कसा झाला हे लिहिताना तो कडेवरून आलेल्या चेंडूवर, मागे टाकलेल्या चेंडूवर की कॉर्नरवर झाला, एवढे नमूद करावे. आपल्या वार्ताहरांना ही माहिती सामन्याच्या पंचांकडून किंवा संघांच्या शिक्षकांकडून मध्यंतरातच मिळू शकते. महिनाभराच्या बातम्या एकत्र वाचल्या तरी कोणत्या शाळेने सरावात काय सुधारायचे ते शिक्षकांना कळेल.

आपले,
फुटबॉल प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक,
मिरज (जि. सांगली)